नऊ तारखेची फुलं

कुरेसावा स्टेशनात माणूस नाही. तिकीट द्यायला नाही, घ्यायला नाही, उशिराबद्दल माफी मागायलाही नाही. एक फलाट, एक पत्र्याची खोली, खोलीत एक बाक आणि बाकावर शेजारच्या फुकिकोने जुन्या किमोनोच्या कापडातून शिवलेल्या उशा, एवढाच संसार. एका डब्याची गाडी दिवसातून थोड्याच वेळा येते. तिच्यात ड्रायव्हर एकटाच असतो. चढणारे मागच्या दाराने चढतात आणि उतरणारे ड्रायव्हरच्या शेजारच्या पुढच्या दाराने, भाडं पेटीत टाकून उतरतात. कुरेसावाला उतरणारं बहुतेक वेळा कुणीच नसतं, तरी ड्रायव्हर दार उघडतो, आरशात बघतो आणि मग दार लावून निघतो.

आणि या बिनमाणसाच्या स्टेशनात मित्सुए कुरोदा रोज हजर असायची. "स्टेशनात माणूस नाही म्हणतात, मग मी कोण, डास?" असं ती स्वतःच म्हणे. तिचं घर दोन शेतांपलीकडे. रेल्वे फाटकाची घंटा वाजू लागली की हातातलं काम टाकून ती झाडू उचलायची आणि गाडीच्या आधी फलाटावर पोचायची. गाडी पुढे गेली की थोडं झाडायचं आणि घरी यायचं. या फेब्रुवारीच्या अखेरीस गुडघ्याने दगा दिला आणि डॉक्टरांनी दुपारी पाय वर करून पडून राहायला सांगितलं, म्हणून दुपारची गाडी तेवढी सुटली. तिच्या जिवाला ते फार लागलं.

फलाट झाडणं हे निमित्त होतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं आणि सारं गाव माहीत नसल्यासारखं वागत होतं. तिचा नवरा कानामे वीस-बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी याच फलाटावरून गाडीत बसला तो परत आलाच नाही. आदल्या संध्याकाळी दारूवरून घरात भांडण झालं होतं. सुतारकामात त्याचा हात धरणारा खोऱ्यात कुणी नव्हता, आणि बाटली धरण्यातही नव्हता. पोलिसांत कळवलं, नातेवाईक पालथे घातले, पण काही हाती लागलं नाही. सात वर्षांनी कोर्टातून माणूस मेला असं ठरवून घेता येतं. नणंद दर नव्या वर्षाला फोन करून तेच सांगे. फोटो लाव, भिक्षूंकडून मरणोत्तर नाव घे, स्वतःही सुटशील आणि त्यालाही सोडवशील. मित्सुएचं उत्तर ठरलेलं असे, "मेल्याचं कुणी सांगत आलं की लावते फोटो. तोवर तो जिवंत आहे आणि मी घरात आहे."

मार्चमध्ये, फलाटाच्या कडेचा बर्फ काळा पडून वितळत होता तेव्हा, तिला पहिल्यांदा ती फुलं दिसली. फलाटाच्या पार मागच्या टोकाला, जिथे कुणी जात नाही तिथे, कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत पांढरी आणि पिवळी शेवंती. शेजारी कागदात गुंडाळलेला गोड पुरणाचा पाव.

मित्सुए झाडूवर रेलून बघत राहिली. अशी फुलं हौसेने कुणी ठेवत नाही. रस्त्याच्या वळणावर, पुलाच्या कठड्याशी, जिथे कुणी गेलं तिथे अशी फुलं ठेवतात, आणि सोबत त्या माणसाच्या आवडीचं काहीतरी खायचं-प्यायचं.

"कुणीतरी उडी मारलीय," फुकिको म्हणाली. ही शेजारीण. वय सत्तरीला टेकलं तरी कान तिशीचे. ती चप्पल अडकवून धावत आली होती.

"कुठे, या रुळांवर? इथे गाडी इतकी हळू येते की उडी मारणाऱ्याला सर्दी होईल, पण मरण यायचं नाही."

"दाबलं असेल प्रकरण."

"कुणी? या स्टेशनात झुरळ मेलं तरी मला कळतं, फुकिको. माणूस मेला आणि मला कळलं नाही?"

"मग फुलं काय गाडीने येऊन स्वतःच बसली का?" फुकिकोने वाकून पावाचा कागद वाचला. "अगं, हा तर बंदराच्या गावातला आहे. म्हणजे गाडीचं शेवटचं स्टेशन. एका पावासाठी एवढ्या लांबून कोण येईल?"

तेव्हाच मित्सुएच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माकडं येतील म्हणून पाव तेवढा उचलला, फुलं राहू दिली. कुणाच्या तरी मयताची फुलं, त्यांना न विचारता हात कसा लावायचा.

एप्रिलमध्ये ताजी फुलं आली. पाव आला. या खेपेला गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष ओइकावा स्वतः बघायला आले. ओइकावा म्हणजे जन्मभर शेतकी सोसायटीत खुर्ची उबवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर अंगातला हिशेबनीस बसायला जागा शोधत होता, ती त्यांना मंडळात सापडली.

"चेरी फुलली की फोटोवाले येतात," ते म्हणाले. "आपल्या फलाटावर मयताची फुलं दिसली तर काय म्हणतील? झपाटलेलं स्टेशन म्हणून नाव होईल. काढून टाकलेली बरी."

"काढा की," मित्सुए म्हणाली.

ओइकावांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी आपलं मत सांगितलं."

"मत सगळ्यांनाच असतं. हात कुणी लावायचा?"

ते थोडा वेळ घसा साफ करत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मित्सुए-सान, रागावू नका, पण हे तुम्हीच तर... म्हणजे इतकी वर्षं झाली, माणसाला कुठेतरी मन मोकळं करावंसं वाटतं. आम्ही कुणी काही म्हणणार नाही."

मित्सुएला कळायला क्षणभर लागला. म्हणजे गाव हे म्हणतंय तर. ही बाई आता नवऱ्याला मेलेला मानू लागली आणि घरी फोटो लावायला लाजते म्हणून इथे चोरून फुलं ठेवते.

"अध्यक्ष," ती म्हणाली, "मी नवऱ्याला फुलं वाहायची ठरवली, तर वाजतगाजत वाहीन. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय सोसायटीतल्या लोकांना. मला नाही."

ओइकावा वाकून निघून गेले. पण त्या दिवसापासून मित्सुएने साऱ्या गावाला संशयाच्या चाळणीत घातलं. औषधवाला फेरीवाला मागच्या टोकाला का रेंगाळतो? नवा ड्रायव्हर तिला बघून टोपीला हात का लावतो, पूर्वीचा तर लावत नव्हता? फुकिकोच्या अंगणात शेवंती आहे, पिवळीसुद्धा आहे. ती बिचारी लोणचं घेऊन आली तर मित्सुएने तिच्या नखांत माती आहे का ते आधी पाहिलं. माती होती, पण ती मुळ्याची निघाली.

गाठ सोडवली ती फुकिकोनेच. मे महिन्यात ती धापा टाकत आली आणि ओट्यावर बसली.

"मित्सुए, काल दुपारी पुन्हा फुलं आलीत. काल तारीख काय होती? नऊ. एप्रिलमध्ये मी माझ्या ह्यांच्या महिन्याच्या दिवसासाठी थडग्यावर जायला निघाले होते, त्याच्या आदल्या दिवशी होती ना फुलं? माझ्या ह्यांची दहा तारीख. म्हणजे नऊ. मार्चमध्येही नऊच असणार. अगं, महिन्याचा दिवस आहे हा कुणाचातरी. नऊ तारखेला कुणीतरी गेलंय, आणि दुसरं कुणीतरी दर नऊला येतंय."

मित्सुए बांबूचा सोललेला कोंब हातात धरून बसली. जिथे माणूस मेला त्या जागेचा प्रश्नच नव्हता मग. माणूस मेला दुसरीकडे आणि दिवस पाळतात इथे. इथे का? या स्टेशनशी नातं असलेलं असं बाहेर मरायला गेलंच कोण होतं? सारं गाव तिने मनात घरं मोजल्यासारखं फिरून पाहिलं. जो तो आपापल्या अंथरुणात गेलेला. एकटा कानामे सोडून.

फुकिको तिच्या तोंडाकडे बघत होती. मग उगाचच म्हणाली, "पण तुझे मालक तर गोडाला शिवायचे नाहीत, नाही का?"

"नाही," मित्सुए म्हणाली. आणि तिच्या जिवात जीव आला. "गोडाचा वासही चालायचा नाही त्याला. लग्नात पुरण भरलेली तांदळाची मोची दिली तर माझ्या किमोनोच्या बाहीत टाकली. त्याच्यासाठी कुणी ठेवलं असतं तर दारूचा ग्लास ठेवला असता. पाव नसता ठेवला."

"तेच म्हणते मी," फुकिको म्हणाली.

मेलेल्याला त्याच्या आवडीचंच देतात. यात चूक कोण करेल? नावं विसरतात, चेहरे विसरतात, पण कुणाला काय आवडायचं हे मागे राहिलेलं माणूस विसरत नाही. म्हणजे हा मेलेला कुणी गोडघाशा होता, कानामे नव्हता. त्या दिवशी मित्सुए दोन वाट्या भात जास्त जेवली. पण सकाळी उठल्यावर पाहते तो संशय उशाशी बसलेलाच. कानामे नाही, तर कोण? आणि ठेवणारी व्यक्ती नेमकी दुपारच्या गाडीने का येते? मित्सुए नसते, त्याच एका गाडीने? हे कुणाला माहीत असणार? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते आपल्याच भिंतीत मुरतंय असं तिला आतून वाटत होतं.

जूनच्या नऊ तारखेला तिने पाय वर केले नाहीत. पावसाळी हवा होती, झिमझिम लागली होती. दुपारच्या घंटेच्या बऱ्याच आधी ती सायकली ठेवायच्या शेडमध्ये जाऊन एका गंजक्या सायकलीमागे उभी राहिली. झाडू मुद्दाम घरी ठेवला होता. इतक्या वयात चोरासारखं लपून बसायची तिला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त वाटत होती भीती.

गाडी आली. पुढच्या दाराने एक बाई उतरली. पन्नाशी उलटलेली, साधा राखाडी पावसाळी कोट, हातात कागदात गुंडाळलेली फुलं. गाडी निघून जाईपर्यंत ती थांबली आणि मग डोकं खाली घालून फलाटाच्या मागच्या टोकाला गेली. जुनी फुलं पिशवीत भरली, बाटलीतलं पाणी बदललं, नवी फुलं लावली, पाव ठेवला, गुडघ्यावर बसून हात जोडले. सगळं नीट, सवयीने. हात तरबेज होते.

मग ती उठली. बाई रुळांकडे वळली नाही, डोंगराकडे वळली नाही. ती दोन शेतांपलीकडच्या मित्सुएच्या घराकडे तोंड करून उभी राहिली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बराच वेळ वाकून राहिली.

मित्सुए शेडमधून बाहेर आली. सायकल आडवी झाली, त्याचा आवाज झाला.

"कोण मेलंय इथे?" तिने विचारलं. रामराम नाही, श्यामश्याम नाही.

बाई दचकली. मग तिने मित्सुएकडे नीट पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "आज झाडू नाही. म्हणून ओळखायला वेळ लागला."

"तुम्ही मला ओळखता?"

"मित्सुए-सान ना तुम्ही? माझं नाव सानाए. बंदराच्या गावात आमचं टोफूचं दुकान आहे." ती पुन्हा वाकली. "पहिल्याच खेपेला तुम्हाला सांगायला आले होते. म्हटलं, फलाटावर भेटतीलच, त्या नेहमी असतात. पण गाडीतून उतरले आणि कुणीच नव्हतं. घरापर्यंत यायचा धीर झाला नाही. मग हात जोडले आणि परत गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा धीर झाला नाही. तसंच होत गेलं."

"कुणाबद्दल सांगायला?" मित्सुए म्हणाली. तिला उत्तर माहीत होतं, तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कानामे-सान नऊ फेब्रुवारीला गेले. झोपेतच गेले. त्रास झाला नाही."

पाऊस पत्र्यावर पडत होता. मित्सुए आत गेली आणि बाकावर बसली. सानाए दाराशी उभी राहिली, बस म्हटल्याशिवाय बसायची नाही अशा बेताने. मग जे वीस वर्षं तोंडाशी आलं आणि गिळलं होतं ते बाहेर पडलं.

"तू त्याची कोण?"

"कुणी नाही."

"कुणी नाही, आणि दर महिन्याला फुलं घेऊन येतेस? मी म्हातारी झाले, खुळी झाले नाही."

"आईने त्यांना कामावर ठेवलं होतं. पहाटे सोयाबीन दळायचे, साचे उचलायचे, लाकडी साचे मोडले तर नवे करून द्यायचे. दुकानाच्या माडीवर राहायचे." सानाएने नजर वर केली. "खरं विचारता तर, आई गेल्यावर मी एकदा त्यांना विचारलं होतं. मीही एकटीच होते. नाही म्हणाले. घर आहे म्हणाले. मग मी पुन्हा कधी विषय काढला नाही. एवढंच आहे माझं."

मित्सुएला तिचा राग यायला हवा होता. राग शोधायला ती मनात सगळीकडे हात घालून आली, पण हाताला काही लागेना. खोटं बोलणाऱ्या बाईने ही गोष्ट सांगितली नसती.

"तो गोड खात नव्हता," ती म्हणाली. ही शेवटची काडी होती आणि ती तिने घट्ट धरली. "तू भलत्याच कानामेबद्दल बोलतेयस. माझा नवरा गोडाला तोंड लावायचा नाही."

"दारू सोडली ना त्यांनी. आमच्याकडे आले त्याच वर्षी. पहिले काही महिने फार वाईट गेले, हातपाय कापायचे. दारू सुटली की माणसाला गोडाची चटक लागते, आई म्हणायची. कोपऱ्यावरच्या बेकरीतला पुरणाचा पाव रोज लागायचा. एखाद्या दिवशी मिळाला नाही तर लहान मुलासारखे फुगून बसायचे." सानाए थोडीशी हसली आणि लगेच ओशाळली.

मित्सुएला हे हसू सर्वांत जास्त लागलं. तिचा नवरा पावासाठी फुगून बसायचा, आणि हे तिला दुसरीने सांगावं लागत होतं.

"दारू सोडली, काम धरलं, दुसरं घर केलं नाही," ती म्हणाली. "मग मेला आला का नाही? दोन तासांच्या वाटेवर बसून राहिला? पाय मोडले होते का त्याचे?"

सानाएने नजर वळवून फलाटाच्या मागच्या टोकाकडे पाहिलं.

"बोल की."

"यायचे ते," सानाए म्हणाली.

"कुठे यायचा?"

"इथे. दुकानाला सुट्टी असली की बऱ्याचदा. कधी सकाळच्या गाडीने, कधी दुपारच्या, कधी संध्याकाळच्या. नवा शर्ट घालून निघायचे. डब्यात अगदी मागे, खिडकीशी बसायचे. गाडी थांबली की ती खिडकी फलाटाच्या त्या टोकाशी येते. मी फुलं ठेवते तिथे." ती अडखळली. "पुढच्या स्टेशनला उतरून, पलीकडच्या गाडीने परत यायचे. शर्ट घडी करून ठेवायचे."

ती प्रत्येक गाडीला पुढच्या दारासमोर उभी राहायची. उतरणारा माणूस पुढच्याच दाराने उतरतो, म्हणून डोळ्यांत तेल घालून ती त्याच दाराकडे बघायची. मागच्या खिडक्यांकडे बघायचं तिला कधी सुचलंच नाही. जे उतरणार नाहीत त्यांच्याकडे कशाला बघायचं?

"एकदा मीही बरोबर आले होते," सानाए म्हणाली. "म्हटलं, मी मागे उभी राहते, तुम्ही उतरा. गाडी थांबली. म्हणाले, ती बघ, आहे. मी म्हटलं, मग बरंच झालं की. तर म्हणाले, ती शेवटचं काय बोलली ठाऊक आहे? प्यायलेलं तोंड पुन्हा मला दाखवू नकोस, म्हणाली. मी म्हटलं, आता पिता कुठे तुम्ही? म्हणाले, पण तोंड तेच आहे."

मित्सुएला ते शब्द आठवत होते. रागात माणूस शंभर गोष्टी बोलतो, सकाळी त्या भांड्यांबरोबर धुतल्या जातात. पण सकाळी धुवायला हा थांबला कुठे होता?

"पुढच्या दारापर्यंत सगळा डबा चालायचा," सानाए सांगत होती, "लोक बघणार, ड्रायव्हर बघणार, आणि दारातच तुम्ही. एवढ्यांसमोर मान खाली घालून उभं राहायचं त्यांच्याने होईना. म्हणायचे, एक दिवस ती फलाटावर नसेल. तापाबिपाने पडली असेल, पाहुण्यांकडे गेली असेल. त्या दिवशी उतरेन. मागच्या दाराने घरात शिरेन, पाय धुऊन बसेन. ती आली की ओरडेल, मग जेवायला वाढेल. बोलायचं ते आपोआप होईल."

"गुडघा धरेपर्यंत मी एक गाडी चुकवली नाही," मित्सुए म्हणाली. "ताप असला तरी आले. सासू गेली त्या दिवशीही आले. तो यायचा आणि आपण नसायचो, अशी भीती होती मला."

"माहीत आहे," सानाए म्हणाली. "तेही हेच सांगायचे. आजही होती, म्हणायचे."

परतीच्या गाडीची घंटा वाजू लागली. दोघींपैकी कुणी हललं नाही. मग मित्सुए एकदम उठली आणि दोन्ही मुठींनी बाकावरच्या उशीला बडवू लागली. "मूर्ख! मूर्ख! मूर्ख!" ती कानामेला म्हणत होती की स्वतःला, ते सानाएला कळलं नाही. ती पुढे आली आणि तिने मित्सुएच्या पाठीवर हात ठेवला. मित्सुएने तो झटकला, आणि थोड्या वेळाने स्वतःच धरला.

गाडीत चढता चढता सानाए म्हणाली की अस्थी बंदराच्या गावातल्या देवळात ठेवल्या आहेत, हव्या तेव्हा घेऊन येईन.

"पितरांचा ओबोन होऊन जाऊ दे," मित्सुए म्हणाली. "आधी त्याला स्वतःच्या पायांनी येऊ दे. मग हाडं आण."

ऑगस्टमध्ये ओबोन आला. गेलेली माणसं घरी येतात ते दिवस. मित्सुएने पहिल्यांदा देव्हाऱ्यात कानामेचा फोटो लावला, शेजारी पांढरा कंदील टांगला. नणंदेला फोन करून सांगितलं, तर ती फोनवर रडली आणि रडता रडता "सुटले बाई" म्हणाली. फुकिको सकाळी मदतीला आली. पितरांना घाईने घरी यायला काकडीचा घोडा करतात आणि रमतगमत परत जायला वांग्याची गाय. मित्सुएने नुसती गाय केली.

"घोडा विसरलीस," फुकिको म्हणाली.

"तो गाडीने येतो."

फुकिकोने तिच्याकडे पाहिलं आणि काकडी चिरायला घेतली. जूनपासून गावात सगळ्यांना सगळं कळलं होतं आणि सगळे माहीत नसल्यासारखे वागत होते. ओइकावांनी तेवढं एकदा घरी येऊन, उंबऱ्याबाहेरूनच, फुलांबद्दलच्या बोलण्याची माफी मागितली होती. मित्सुएने त्यांना टरबूज देऊन वाटेला लावलं होतं.

दिवस कलला तशी घरोघर पुढच्या दारापाशी वाळक्या काड्यांची छोटी आगटी पेटू लागली, येणाऱ्याला वाट दिसावी म्हणून. मित्सुएने काड्या घेतल्या आणि घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेली. मागच्या दाराच्या पायरीशी तिने त्या पेटवल्या. दाराशी पाण्याने भरलेली बादली आणि स्वच्छ टॉवेल ठेवला. धूर परसातल्या भोपळ्याच्या वेलावरून सरळ स्टेशनकडे गेला.

फाटकाची घंटा वाजू लागली. मित्सुएचा उजवा पाय आपोआप उचलला गेला. तिने तो खाली ठेवला.

"घंटा झाली," फुकिको कुंपणापलीकडून म्हणाली.

"ऐकली."

"जात नाहीस?"

"नाही. आणि कुणी फलाटावर असेल तर त्यांनाही बाजूला बोलाव. कुणी बघत उभं राहू नका."

फुकिको धावली. मित्सुए घरात गेली. गाडी आल्याचा आवाज झाला, ब्रेक लागला, दार उघडलं. इतक्या वर्षांत संध्याकाळच्या गाडीचे हे आवाज तिने घरातून कधी ऐकले नव्हते. गाडी थांबून राहिली, मग दार लागलं आणि गाडी पुढे गेली. तिने दोघांचा भात वाढला. सूप वाढलं. त्याच्या ताटाशी पुरणाचा पाव ठेवला, सानाएने पोस्टाने पाठवलेला.

मग ती मागच्या दाराकडे पाठ करून जेवायला बसली. आत येताना त्याला तोंड दाखवावं लागू नये म्हणून.